ठेवणीतल्या सिगारी

आमच्या घरात बायकांनी तंबाखूला हात लावण्यात नवल नव्हतं. माहेर निपाणीकडचं. आजी सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावायची. काकू तंबाखूच्या वखारीत चाळणीवर जायची, आणि संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्यातून असा खकाणा सुटायचा की आम्ही पोरं शिंकून शिंकून बेजार व्हायचो. पुढे मी दातांची डॉक्टर झाले, लंडनला आले आणि चाळिशीनंतर कधीतरी सिगार ओढायला लागले. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझं शिक्षण नक्की कशाचं झालंय गं?" प्रश्न रास्त होता. अजूनही आहे.

या नादाला नव्यानं लागलेली मराठी मुलं, बहुतेक आयटीतली, एका ठरावीक टप्प्यावर माझ्याकडे येतात. "ताई, हलक्या सिगारी आता मिळमिळीत लागतात. जरा भारी घेऊन ठेवायच्या म्हणतोय, मुरायला. कुठल्या घेऊ?" त्यांना वेळोवेळी जे सांगत आले ते इथे मांडते. बोलणं मुख्यतः हवानाच्या सिगारींबद्दल आहे, कारण लंडनमध्ये त्या राजरोस मिळतात. अमेरिकेतल्या मंडळींना १९६२ पासूनच्या निर्बंधांमुळे त्या दुकानात दिसत नाहीत. त्यांनी पुढे निकाराग्वाबद्दल चार ओळी आहेत त्या वाचाव्यात आणि हवानाची काळजी आमच्यावर सोडावी.

१. काळी दिसते म्हणून कडक समजू नका

दुकानात नवखा माणूस सगळ्यात काळ्या सिगारीकडे बोट दाखवतो. "ही स्ट्राँग असणार." पुष्कळदा उलटंच निघतं. वरचं पान गडद होतं ते जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत आंबवल्यानं, आणि तसं आंबवलं की पानात गोडसरपणा उतरतो. मादुरो नावाच्या काळ्याभोर सिगारी कितीतरी वेळा कॉफी-चॉकलेटच्या वळणावर जातात, आणि हवानाच्या बोलिव्हार ब्रँडची फिकट तांबूस पानाची सिगार मात्र अर्ध्यावर आली की कपाळाला घाम फोडते.

कडकपणा असतो आतल्या भरण्यात. तंबाखूच्या झाडाची खालची पानं पातळ, जळायला चांगली, चवीला फिकी. क्युबात त्यांना व्होलादो म्हणतात. मधली सेको, ती वासाची. अगदी वरची लिहेरो: जाड, तेलकट, ऊन सगळ्यात जास्त खाल्लेली, निकोटीन भरपूर आणि जळायला मंद. म्हणून वळणारा कारागीर लिहेरो भरण्याच्या बरोबर मधोमध घालतो. हे पान वळायला घेण्याआधीच सुमारे दोन वर्षं मुरवलेलं असतं, इतकं ते उग्र. आमच्या शेतात ही नावं कुणाला माहीत नव्हती, पण झाड फुलावर यायच्या आत शेंडा खुडायचा आणि बगलेतले फुटवे काढत राहायचं, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. क्युबातल्या पिनार देल रिओचा शेतकरी हेच करतो. खुडणी करताना बोटं चिकानं काळी होतात. साबणानं तो चीक हटत नाही, आणि त्याच हातानं भाकरी मोडली तर घास थुंकावा लागतो.

आता महत्त्वाचं. कडक सिगार वेगळी आणि भरीव सिगार वेगळी. कडकपणा म्हणजे निकोटीन, तो डोक्याला आणि पोटाला कळतो. भरीवपणा म्हणजे धूर तोंडात किती दाट वाटतो ते, आणि तो जिभेला कळतो. चव ही तिसरी गोष्ट. निकाराग्वात काही सिगारी अशा आहेत की नुसता तडाखा. तडाखा ओसरला की मागे काही उरत नाही. ठेवायला भरीव घ्यावी. कडकपणा तिच्यासोबत आला तर येऊ द्यावा.

२. एकाच मापाच्या चार घेऊन बसा

जीभ तयार झाली की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण पाहायचा सोपा मार्ग आहे. हवानाच्या चार सिगारी अगदी एकाच मापाच्या मिळतात: लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० नंबरची. (हा नंबर म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०; साधारण २० मिलिमीटर.) ओयो दे मोन्तेरेची एपिक्युर नंबर २, रामोन आयोनेसची स्पेशली सिलेक्टेड, बोलिव्हारची रॉयल कोरोना आणि पार्तागासची सेरी डी नंबर ४. माप तेच असल्यानं फरक पडतो तो फक्त पानांच्या मेळाचा. आठवड्याला एक, त्याच वेळी, तसंच जेवण झाल्यावर ओढा.

क्युबाची हाबानोस कंपनी आपल्या ब्रँडांना हलक्यापासून कडकपर्यंत पाच पायऱ्यांवर बसवते. त्यात ओयो सगळ्यात खालच्या पायरीवर, बाकीच्या तिन्ही सगळ्यात वरच्या. पण तोंडात त्या तिन्ही एकसारख्या नाहीत. रामोन आयोनेसमध्ये मनुकांचा गोडवा आहे, बोलिव्हार मातकट आणि चामड्याच्या वासाची, पार्तागास सुरुवातीलाच काळी मिरी टाकते. सुरुवातीला या तिन्हींबद्दल प्रत्येकजण एकच शब्द वापरतो: "तिखट". ज्या दिवशी तिखटामागचं वेगळेपण सांगता येऊ लागलं, त्या दिवशी खरेदीचा विचार करायला हरकत नाही. अजून एक खूण म्हणजे तोंडातला थोडासा धूर, छातीत न घेता, नाकातून सोडता येणं. नाकाला जे कळतं त्याच्या निम्मंही जिभेला कळत नाही. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येतं. मिरीवाल्या पार्तागासवर हा प्रयोग सुरू करू नका.

आणि या चारांत एपिक्युरच सगळ्यात आवडली तर? तर उत्तमच. हलकी आवडणं म्हणजे कच्चेपणा, ही समजूत सिगारवाल्या पुरुषांनी पसरवलेली आहे, आणि ती मला नेहमीच जरा बालिश वाटत आलेली आहे.

३. ठेवल्यानं भर पडत नाही, घट होते

बहुतेकांना वाटतं की सिगार ठेवली की ती चढत जाते. ठेवलेल्या सिगारीत नवं फारसं काही येत नाही. जे असतं ते हळूहळू जातं, आणि जाण्याचा क्रम आपल्या सोयीचा असतो म्हणून फायदा होतो.

आधी अमोनिया जातो. पानं ढिगात आंबवतात तेव्हा त्यातली प्रथिनं मोडून अमोनिया सुटतो. बराचसा तिथेच उडून जातो, पण सिगार वळताना पानं पुन्हा ओलसर केलेली असतात, त्यामुळे थोडं आंबणं नव्यानं सुरू होतं. ताज्या पार्तागासचं खोकं उघडून त्यात नाक खुपसून पाहा. आधी देवदारासारख्या लाकडाचा गोड वास येतो, आणि तो पुरता आत जायच्या आतच डोळ्यांच्या कडा चुरचुरायला लागतात. इंग्रज दुकानदार अशा सिगारीला "आजारी" म्हणतात. जुनी इंग्रजी रीत अशी की वळल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ओढा, नाहीतर वर्षभर हात लावू नका. त्यानंतर जीभ आवळून धरणारं टॅनिन मवाळ होतं आणि निकोटीनची धार थोडी उतरते. मात्र याच काळात सुगंधही उडत असतो. तो मुळात भरपूर असेल तर बाकीचं गेल्यावरही शिल्लक राहतो, आणि आपण म्हणतो सिगार मुरली.

म्हणून हलकी सिगार फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही. तिच्याकडे घालवायला काही नसतं. मिन रॉन नी यांचा हवाना सिगारींवरचा २००३ सालचा जाडजूड कोश आहे. त्यात आजारपण, पहिली पक्वता, दुसरी, तिसरी असे टप्पे मांडले आहेत, आणि जड सिगारींना नुसत्या पहिल्या पक्वतेलाच हलक्यांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात असं म्हटलं आहे. तिसऱ्या पक्वतेच्या गप्पा श्रीमंतांनी माराव्यात. आपल्याला पहिली पुरे.

पण सगळेच दोष काळ काढत नाही. आंबेमोहोराचं पोतं वर्षभर ठेवलं की भात मोकळा होतो. घरात कणीच आली असेल तर ठेवून ती अख्खी होत नाही.

४. आज जराशी जास्त वाटते तीच ठेवा

निवडीची माझी कसोटी साधी आहे. ताजी सिगार ओढताना शेवटच्या तिसऱ्या भागात ती जड झाली, खाली ठेवावीशी वाटली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिची चव आठवली, तर ती ठेवायची. पहिल्या झुरक्यापासून कडवट, एका अंगानं जळणारी, हाताला मधेच पोकळ लागणारी सिगार वर्षानुवर्षं ठेवून तशीच निघते. ताजेपणी जिच्यात मिरी आहे तिची मिरी खाली बसून मागचं दिसू लागतं. ताजेपणी जिच्यात काहीच नाही तिच्यात नंतर दिसणार तरी काय?

नावं सांगायची तर बोलिव्हारची रॉयल कोरोना ठेवणीसाठी माझी पहिली पसंती. ताजेपणी उद्धट, तीन-चार वर्षांनी भारदस्त. त्यानंतर पार्तागासची सेरी डी नंबर ४. रामोन आयोनेस ताजीही गोड लागते, त्यामुळे ती राहतच नाही. हा तिचा दोष म्हणता येणार नाही. वेळ कमी असेल आणि खिसाही, तर पार्तागास शॉर्ट्स घ्या: ११० मिलिमीटर लांब, ४२ नंबर, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. लहानखुरी असली तरी अंगात पार्तागासचा सगळा खोडसाळपणा आहे, आणि थंडीत लंडनच्या परसात त्याहून जास्त वेळ बसवतही नाही. उलट टोकाला पार्तागासचीच लुसितानिया, १९४ मिलिमीटरची. ती ठेवायला सुंदर, पण नवख्या माणसानं सुरुवात तिथून करू नये, कारण दोन तास निवांत बसणं ही वेगळी तयारी आहे.

निकाराग्वाचं गणित निराळं. तिथल्या चांगल्या घराण्यांची रीत अशी की पान आधी मुरवायचं आणि मग वळायचं. पाड्रोनच्या १९६४ अॅनिव्हर्सरी मालिकेत किमान चार वर्षं मुरलेलं पान वापरतात. एस्तेलीच्या काळ्या मातीतलं पान दणकट, खालापाचं गोडसर. दोन्हींचा मेळ घालून सिगार बाहेर पडते तेव्हाच ती ओढण्याजोगी असते. तिला वर्ष-दोन वर्षं विसावा द्या, बस. दहा वर्षं ठेवून तिच्यातून हवाना निघणार नाही, आणि निघावी तरी का? क्युबाच्या सिगारी मात्र बऱ्याचदा कोवळ्याच दुकानात येतात, मुरवण्याचं राहिलेलं काम गिऱ्हाइकाच्या माथी मारून.

५. खोक्याच्या बुडाशी वाचा

सिगार किती जुनी हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा खोकं उलटं करा. हवानाच्या खोक्याच्या तळाशी शाईचा शिक्का असतो: कारखान्याची तीन अक्षरं आणि त्याखाली स्पॅनिश महिना व वर्ष. एने म्हणजे जानेवारी, आब्र एप्रिल, आगो ऑगस्ट, दिक डिसेंबर. सुट्या सिगारी घेत असलात तरी ज्या खोक्यातून काढल्या त्याचा शिक्का पाहून लिहून ठेवायचा. चांगला दुकानदार खोकं हातात देतो. जो कां-कू करतो, त्याच्याकडे काडेपेटी घ्यावी आणि बाहेर पडावं.

कधीकधी फडताळाच्या तळाशी दोन-तीन वर्षांपूर्वीचा शिक्का असलेलं खोकं आजच्या भावात सापडतं. तेवढी वर्षं फुकट मिळाली.

६. घर, हवा आणि हळदीतला किडा

ताज्या सिगारीसाठी ७० टक्के आर्द्रता हा पाठ सगळे घोकतात. ठेवणीसाठी मी ६२ ते ६५ वर राहते. ओल जास्त असेल तर सिगार नीट जळत नाही आणि बुरशीचा धोका. पानावर पांढरं दिसलं की "हा मुरल्याचा मोहोर" असं सांगणारे भेटतील, पण तो मोहोर बहुधा बुरशीच असतो. तापमान १६ ते १८ अंश उत्तम. लाकडी नक्षीच्या छोट्या पेटीत, म्हणजे ह्यूमिडॉरमध्ये, आर्द्रता सारखी वरखाली होते. माझ्या सिगारी सहलीला नेतात त्या थर्मोकोलच्या अस्तराच्या थंड पेटीत आहेत, जिन्याखालच्या कपाटात, हीटरपासून लांब. आत आर्द्रता धरून ठेवणारी ६५ टक्क्यांची पाकिटं आणि रिकाम्या खोक्यांच्या लाकडाच्या पट्ट्या. या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणत असले तरी ते देवदाराच्या कुळातलं नाही; महोगनीच्या कुळातलं, आपल्या तून झाडाचं चुलत भावंड.

मुंबई-कोकण-गोव्याच्या लोकांनी इथली पुस्तकं वाचून पेटीत पाणी घालत बसू नये. पावसाळ्यात तिथे हवाच ८५-९० टक्क्यांवर असते. तुमचा प्रश्न ओल घालवण्याचा आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत ६५ ची पाकिटं, आणि डबा घरातल्या सर्वांत थंड जागी. पेटी महिन्याला एकदा उघडून हवा बदलली तरी पुरते. वाइनचा छोटा फ्रीज असेल तर सोन्याहून पिवळं.

थंड का, तर किड्यामुळे. लासिओडर्मा सेरिकॉर्ने हे त्याचं शास्त्रीय नाव. तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, डोकं खाली घालून चालणारा. स्वयंपाकघरातल्या जुन्या हळदीत आणि धन्यात हाच निघतो. पानात त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उष्णता २३-२४ अंशांच्या वर राहिली की अळ्या बाहेर पडून सिगारीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतात. हवानाहून माल निघण्यापूर्वी हल्ली गोठवतात, तरी मी विश्वास ठेवत नाही. नवीन खरेदी दोन पिशव्यांत बंद करून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर. घाईनं बाहेर काढली तर वरचं पान तडकतं. १९ जुलै २०२२ ला लंडनचा पारा चाळिशीपार गेला. आमच्या घरात एसी नाही. त्या आठवड्यात माझी पेटी दवाखान्याच्या थंड खोलीत मुक्कामाला होती, हे पेशंटांना अर्थातच सांगितलं नाही.

७. सिगार बदलली की तुम्ही?

या एका मुद्द्यावर मी मुलांचं डोकं खाते, कारण बाकीचं सगळं कुठेही वाचायला मिळतं.

समजा आज बोलिव्हारच्या पाच घेतल्या. एक ओढली, जड गेली. दोन वर्षांनी दुसरी ओढली, सुरेख लागली. सगळे म्हणणार, मुरली. पण त्या दोन वर्षांत तुम्हीही सिगारी ओढत होतात. निकोटीनची सवय वाढली, जीभ मिरी ओळखायला शिकली, झुरके कमी आणि सावकाश घ्यायला लागलात. झुरके घाईनं घेतले तर सिगार तापते आणि कोणतीही सिगार कडू होते, हेही कळलं. मग फरक कुणात पडला? नुसत्या आठवणीवरून याचं उत्तर देता येत नाही. शिवाय वाट पाहिलेल्या माणसाला वाट पाहिल्याचं फळ हवंच असतं.

म्हणून ठेवणीतली काढाल तेव्हा दुकानातून त्याच नावाची एक ताजी आणा आणि दोन्ही एकाच आठवड्यात ओढा. ताजीही आता तितकीच सोपी वाटली, तर सिगार जागच्या जागी आहे आणि तुम्ही पुढे गेलात. मग कपाटात खोकी भरण्याचं कारण उरत नाही, ताज्याच घ्या. ताजी टोचली आणि जुनी टोचली नाही, तर काळानं काम केलंय. प्रयोग काही निर्दोष नाही. ताजी सिगार वेगळ्या हंगामाची असते, क्युबात एका वर्षाचं पान दुसऱ्यासारखं नसतं. तरी आठवणीपेक्षा बरा.

जमलं तर नावाच्या पट्ट्या काढून कुणालातरी हातात द्यायला सांगा. आमच्याकडे हे काम नवरा करतो. तो स्वतः ओढत नाही, त्यामुळे त्याला यात निर्भेळ आनंद मिळतो; एकीला लाल रबर, एकीला निळं, आणि चिठ्ठी खिशात. एकदा एक जाणकार पाहुणे आले होते. त्यांनी लाल रबरवाली अर्धी ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, हिच्यात वय बोलतंय." नवऱ्यानं चिठ्ठी काढली. लाल रबरवाली मंगळवारी दुकानातून आलेली होती. पाहुण्यांनी नंतर निळी ओढली आणि बराच वेळ हवामानाबद्दल बोलले.

नोंद ठेवायची ती लहान. तारीख, शिक्का, कुठे नकोशी झाली, दुसऱ्या दिवशी तोंडात काय उरलं. "शाही", "मखमली" असले शब्द वहीत लिहू नयेत. दोन वर्षांनी त्यांतून काहीच कळत नाही. "दुसऱ्या भागात मिरी, शेवटी कडू, पाणी मागितलं" हे कळतं.

८. रिकाम्या पोटी हात लावू नका

सिगारीचा धूर छातीत घेत नाहीत, मग चढते कशी? सिगारीचं पान हवेवर सुकवून आंबवलेलं असल्यानं तिचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अशा धुरातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. सिगारेटचा धूर तसा नसतो, म्हणून ती आत ओढावी लागते. जड सिगार ओढताना उचकी लागली, हात गार पडले, तोंडाला पाणी सुटलं, की सिगार खाली ठेवायची. विझवायची गरज नाही, ती आपोआप विझते. गुळाचा खडा, पाणी, आणि बसून राहणं. पोरांना वाटतं संपवली नाही तर लाज. साठ पौंडांची सिगार असली तरी तिचा शेवटचा तुकडा काही कर्ज नाही.

९. गुंतवणूक म्हणून नको

२०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या हवानाच्या ब्रँडांचे भाव जगभर एकदम चढवले गेले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला इयान चक्रीवादळ पिनार देल रिओवरून गेलं आणि तंबाखू सुकवायची हजारो घरं भुईसपाट झाली. तेव्हापासून पूर्ण खोकं मिळवणं हाच एक उद्योग झाला आहे, आणि काहीजण सिगारी शेअरसारख्या घेऊन ठेवतात. घेऊ देत. ब्रिटनमध्ये सिगारीवरचा कर वजनावर लागतो, विकताना तो परत मिळत नाही. आणि घरी ठेवलेल्या खोक्याची हवा नीट राखली होती याचा पुरावा कुठून आणणार? नवख्यानं पाच-पाचच्या लहान खेपा घ्याव्यात. जीभ अजून वळण घेत असते. आज जिच्यासाठी पंचवीसचं खोकं भरलं ती तीन वर्षांनी आवडेलच असं नाही.

१०. किती ठेवायच्या हे तोंडानं ठरवावं

मुलं कपाटाचा आकार पाहून हिशोब करतात. मी उलटा करते. वर्षाला किती ओढणं मला डॉक्टर म्हणून पटतं, तो आकडा आधी. त्याला वर्षांनी गुणायचं. त्याहून जास्त सिगारी घरात आणायच्या नाहीत. माझा आकडा लहान आहे, महिन्याला एखादी. कपाट भरलेलं असलं की हात जातो, हे मिश्रीच्या डबीबाबतीत खरं होतं तसं इथेही आहे. सिगार छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हे मला कुणी सांगू नये. तोंड, घसा, अन्ननलिका, या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे, आणि तोंडाचा कर्करोग मी पुस्तकात नाही, खुर्चीत बसलेल्या माणसांत पाहिला आहे. "ताई, मग तू का ओढतेस?" असं विचारणाऱ्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, आणि मी ते तयारही करत नाही.

ओढणाऱ्यानं महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभं राहावं. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेखाली, गालांच्या आतून, ओठ उलटे करून. पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी जखम, गाठ. यातलं काही तीन आठवड्यांत गेलं नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. इथे तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा फोन पहिल्याच आठवड्यात करावा. दरम्यान चट्टा गेला तर तारीख रद्द करता येते.